पुणे नदीकाठ

त्याची हद्द मीच लिहिली होती, टाकाने, लाल शाईत:
उत्तरेस नदी. दक्षिणेस बुरुडांच्या आळीपासून
हौदापर्यंतचा रस्ता, दोन्ही बाजू धरून.
पश्चिमेस लाकडी पूल, पूर्वेस
जुन्या बाजाराची मागली भिंत.
साहेब म्हणाले, गोवंडे, अक्षर चांगलं आहे तुमचं,
हे मुंबईला जायचंय.
गेलं. मंजूर होऊन आलं.
विधानसभेची एक जागा.

महिनाभरात पानशेत फुटलं.

नदीला राजपत्र कोण वाचून दाखवणार?
उत्तर हद्द भर दुपारी उठली
आणि दक्षिण हद्दीवर जाऊन बसली.

यादी मात्र वाचली.
कपाटाच्या वरच्या खणात होती, कोरडी ठणठणीत.
घर नंबर एकशे बारा: सात मतदार.
पडताळणीला सायकलवरून गेलो तेव्हा
एकशे बारा म्हणजे एक जातं
आणि चिखलात उभा दरवाजा,
कडी आतून लावलेली.
रकान्यात काय लिहायचं?
स्थलांतरित लिहिलं तर नाव जातं.
मयत लिहावं, तर तसं कुणी सांगितलं नव्हतं.
मी पेन्सिलीने लिहिलं: आहेत.

फेब्रुवारीत आले सगळे मतदानाला,
निसन हटांमधून, पोरं काखेला मारून,
मैल मैल चालत, तंबूतल्या केंद्रावर.
साहेब, तुम्ही माझ्या चुलीवर बसलाय,
सरूबाई कोंढरे म्हणाली.
मी खुर्ची सरकवली.
पत्ता? विचारणं भाग होतं.
तिने जुनाच सांगितला: बोळ, जोत्याचा काळा दगड,
उंबराच्या अलीकडे, नळाच्या पलीकडे.
नंबर तिला कधीच पाठ नव्हता.
बोटाला शाई त्याच वर्षी पहिल्यांदा.
पुसत नाही ना ही? तिने विचारलं.
काही दिवस तरी नाही, म्हटलं.
मग लावा, म्हणाली.

निवडून आले दामोदर शाळिग्राम,
दोनशे नऊ मतांनी, हमीद तांबोळींना पाडून.
दोघांच्या पत्र्याच्या खोल्या शेजारी शेजारी,
निकालाच्या रात्री चहा एकाच स्टोव्हवर झाला.
मतदारसंघात आमदार राहत नव्हते,
मतदार राहत नव्हते,
नदी तेवढी राहत होती.

शाळिग्राम सभागृहात उभे राहिले की म्हणत,
माझ्या मतदारसंघातल्या घरांना—
आणि थांबत.
असं ऐकलं. मी मुंबई पाहिलेली नाही.

पुढच्या निवडणुकीआधी नवी आखणी आली,
नवे साहेब, शाई या खेपेला निळी.
दोन तुकडे शेजारच्या पेठांना जोडले.
तिसरा, म्हणजे वाळू आणि घाटाच्या अकरा पायऱ्या,
कुणाच्या पदरात टाकायचा म्हणून
फाईल आठवडाभर फिरत होती.
अखेर कुणाच्या पदरात पडला, मला आठवत नाही.
कारण: लोकसंख्या अपुरी.
हेही मीच लिहिलं. सुवाच्य.

शाळिग्रामांकडे लेटरहेडचे चार गठ्ठे उरले.
पाठकोऱ्या बाजूवर नातीने पाढे गिरवले,
एकोणतीसच्या पाढ्याला तिसरा गठ्ठा संपला.
चौथ्यावर ते स्वतः अर्ज लिहीत राहिले,
घाटाच्या दिव्यासाठी, हटांच्या गळक्या पत्र्यांसाठी,
सहीखाली माजी, आणि त्याच्याखाली
छापलेलं ते नाव, खोडायचं राहून गेलेलं.
आमच्याकडे यायचे ते अर्ज.
कुठल्या फाईलला लावू, विचारलं तर
साहेब नुसते पंख्याकडे बघत.

यादी रद्दीत निघाली तेव्हा
मी एक पान काढून घेतलं. चोरी म्हणा.
एकशे बारा, सात नावं, समोर पेन्सिल,
आता उडत चाललेली.
दर निवडणुकीला वाटतं, शाईने गिरवावं.
बायको म्हणते, गिरवा, कोण विचारतंय?
नको.
खाडाखोड दिसेल.